दालन आणि रस्ता : दोन मराठी स्त्रियांच्या लेखनातील पहिले कलकत्ता

१८७८ साली रमा डोंगरे आपले बंधू श्रीनिवासशास्त्री यांच्यासह कलकत्त्यास पोहोचल्या. त्यानंतर तीन वर्षांनी, १८८१ साली, टपाल खात्यातील गोपाळराव जोशी यांची भूजहून बदली झाली आणि त्यांच्याबरोबर आनंदीबाई जोशी याच शहरात आल्या. दोघीही ब्राह्मण कुटुंबांतील, दोघीही मराठी बोलणाऱ्या, दोघींचेही शिक्षण घरच्यांनी लोकमताविरुद्ध जाऊन केलेले. एकीचे वय वीस, दुसरीचे सोळा. शहर एकच आणि काळही जवळपास एकच. असे असूनही या दोघींनी शब्दबद्ध केलेली दोन कलकत्ते शेजारी ठेवून पाहिली तर त्यांत एकही जागा समान आढळत नाही. एकीच्या कलकत्त्याला रस्ते नाहीत, दुसरीच्या कलकत्त्याला घरे नाहीत. मराठी समीक्षेने या दोन संहिता क्वचितच एकत्र वाचल्या आहेत. रमाबाईंचे कलकत्ता त्यांच्या धर्मांतराच्या कथेत आणि आनंदीबाईंचे त्यांच्या अमेरिकागमनाच्या कथेत पूर्वपीठिका म्हणून जमा होते, आणि नव्या महानगराच्या प्रथमदर्शनाचे लेखन म्हणून त्यांना असलेले मोल दुर्लक्षित राहते.

प्रथमदर्शन ही संज्ञा येथे थोड्या सावधपणे वापरावी लागते. रमाबाईंचे निवेदन 'अ टेस्टिमनी ऑफ अवर इनएक्झॉस्टिबल ट्रेझर' या १९०७ मधील इंग्रजी आत्मकथनात येते. अनुभव आणि लेखन यांत एकोणतीस वर्षांचे अंतर आहे, आणि त्या अंतरात बंगाली गृहस्थाशी विवाह, वैधव्य, इंग्लंड, ख्रिस्ती धर्माचा स्वीकार, अमेरिका आणि केडगावचे मुक्ति मिशन एवढे सगळे घडून गेलेले आहे. आनंदीबाईंचे निवेदन २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर महाविद्यालयात त्यांनी इंग्रजीतून केलेल्या भाषणात येते. तेथे अंतर दोन वर्षांचेच आहे, परंतु श्रोते समोर बसलेले आहेत आणि वक्त्रीला त्यांच्यापुढे आपल्या निर्णयाचे समर्थन करावयाचे आहे. म्हणजे दोन्ही ठिकाणी 'पहिली नजर' ही मागाहून आणि कोणासाठी तरी मांडलेली आहे. मराठी प्रवासवर्णनाच्या परंपरेत नव्या शहराचे दर्शन इमारती, बाजार, नदीचे घाट, वाहने यांच्या वर्णनाने सिद्ध होते. या दोन्ही लेखनांत तसले स्थलवर्णन जवळजवळ नाही. नवागत स्त्रीने शहर कसे पाहिले यापेक्षा, शहराने तिला कोठवर येऊ दिले आणि तेथे तिला कोण मानले, याचीच नोंद त्यांत अधिक आहे.

रमाबाईंच्या आत्मकथनातील कलकत्त्याचा भाग हा दालनांचा भाग आहे. त्यातील सर्वांत स्मरणीय प्रसंग ख्रिस्ती मंडळींच्या एका मेळाव्याचा. बहीणभाऊ निमंत्रणावरून तेथे गेले. खोलीत टेबलखुर्च्या, पाव-बिस्किटे, चहा. इंग्रजी पोशाखातील देशी माणसे. इंग्रजांच्या पंक्तीला बसून खाणारे जन्माने ब्राह्मण असलेले लोक. कलियुगाने कलकत्त्यात आपले राज्य पुरते स्थापन केले आहे, असा निष्कर्ष या दोघांनी काढला. पुढे कोणी एक ग्रंथ उघडून वाचला आणि मंडळी आपापल्या खुर्च्यांसमोर गुडघे टेकून, डोळे मिटून काही म्हणू लागली. मूर्ती कोठेच दिसेना. तेव्हा हे लोक खुर्च्यांनाच वंदन करीत असावेत असे त्यांना वाटले. जाताना त्यांना संस्कृत बायबलाची प्रत भेट मिळाली. त्यातील संस्कृत आणि रमाबाईंच्या ओळखीचे संस्कृत यांत इतका फरक होता की ते वाचणे म्हणजे कालापव्यय असे त्यांना वाटले. ग्रंथ मात्र त्यांनी कधी टाकून दिला नाही.

खुर्च्यांचा हा प्रसंग वाचताना दोन निवेदक ओळखावे लागतात. एक वीस वर्षांची रमा, जिच्या दृष्टीने मूर्तीविना उपासना अर्थशून्य आहे. आणि दुसऱ्या एकोणपन्नास वर्षांच्या रमाबाई, ज्या स्वतः त्याच रीतीने गुडघे टेकून प्रार्थना करीत आलेल्या आहेत. विनोद या दोघींमधील अंतरातून जन्माला येतो. तो ज्या वाचकासाठी लिहिला आहे तो ख्रिस्ती आणि इंग्रजी जाणणारा आहे. खुर्ची हे उपास्य नव्हे हे त्याला ठाऊक आहे, म्हणून त्याला हसू येते. हाच प्रसंग मराठीत आणला आणि हिंदू वाचकापुढे ठेवला की विनोदाची दिशा बदलते, कारण त्या वाचकाला रमेचे कोडे प्रथम आपलेच कोडे वाटते आणि हसायचे कोणाला हे त्याला ठरवता येत नाही. भाषांतराने शब्द बदलतात याहून अधिक काही येथे घडते. हास्याचा धनीच बदलतो. तौलनिक अभ्यासाला असा पुरावा सहजासहजी मिळत नाही.

दुसरे दालन केशवचंद्र सेन यांच्या घरचे. वेदाध्ययन केले आहे काय, असे त्यांनी रमाबाईंना विचारले. स्त्रीला वेदाचा अधिकार नाही, असे उत्तर मिळाल्यावर त्यांनी एका वेदाची प्रत त्यांच्या हाती ठेवली आणि वेद-उपनिषदे वाचण्याचा आग्रह धरला. याच भेटीत अंतःपुरातील स्त्रियांशी परिचय झाला, त्यांत कूचबिहारच्या महाराजांशी नुकताच विवाह झालेली कन्या होती. हा विवाह १८७८ च्या मार्च महिन्यातला. कन्येच्या अल्पवयामुळे ब्राह्मो समाजात त्यावरून फूट पडली आणि मे महिन्यात साधारण ब्राह्मो समाज वेगळा झाला. आपल्याच नियमाचा भंग केल्याबद्दल केशवचंद्रांवर टीका होत होती, हे रमाबाई एका वाक्यात नोंदवतात आणि पुढे जातात. त्या एका वाक्याचे वजन मोठे आहे. वेद हाती देणारा उदार हात आणि अल्पवयीन मुलीचे लग्न लावणारा हात एकाच घरातला आहे, हे त्यांनी पाहिले होते. भाष्य करण्याची गरज त्यांना भासली नाही.

तिसरे दालन पडदानशीन स्त्रियांचे. शास्त्रानुसार स्त्रियांची कर्तव्ये काय, यावर व्याख्याने देण्याची विनंती कलकत्त्याच्या पंडितांनी केली आणि त्यासाठी रमाबाईंना धर्मशास्त्राचे ग्रंथ बारकाईने वाचावे लागले. हे ग्रंथ परस्परांशी अनेक बाबतींत विसंगत असले तरी स्त्रीच्या अपवित्रतेविषयी आणि तिच्या मोक्षाच्या अपात्रतेविषयी त्यांचे एकमत आहे, हा शोध त्यांना या वाचनात लागला. याचा अर्थ असा की, शहराने जे सांगण्यासाठी त्यांना बोलावले त्याच्या तयारीतच त्यांचा त्यावरील विश्वास ढळू लागला. 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या त्यांना याच शहरात मिळाल्या. आत्मकथन त्या सन्मानापाशी रेंगाळत नाही. ते त्या वाचनापाशी थांबते.

या साऱ्यात नदी, रहदारी, हवा, अनोळखी माणसांची गर्दी यांचा मागमूस नाही. हे लेखनसामर्थ्याच्या अभावामुळे घडले असे म्हणता येत नाही. 'युनाइटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' (१८८९) या मराठी ग्रंथात याच लेखिकेने अमेरिकेतील शहरे, संस्था आणि लोकव्यवहार अतिशय तपशिलाने रेखाटले आहेत. मग कलकत्त्याचा रस्ताच का दिसत नाही? एक उत्तर त्यांच्या पूर्वायुष्यात आहे. अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब तीर्थाटन करीत, पुराणे सांगत देशभर फिरले. आईवडील गेल्यावर बहीणभावांनी हीच वाट पायी चालू ठेवली. ज्या मुलीचे बालपणच रस्त्यावर गेले तिला रस्त्याचे नावीन्य ते काय? नवलाची वस्तू होती ती बंद खोली : खुर्च्या मांडलेली, आत बोलावणारी, पुस्तक हाती देणारी. आणि त्या खोलीचे दार उघडणारी किल्ली होती संस्कृत. कलकत्त्यात पाऊल ठेवताना रमाबाईंपाशी अखिल भारतीय पंडितवर्गाची भाषा होती. मराठी मुलखातून आलेली अविवाहित तरुणी या नात्याने त्यांना कोणती वागणूक मिळाली असती, याचा अंदाज दुसऱ्या संहितेवरून बांधता येतो.

आनंदीबाईंपाशी अशी किल्ली नव्हती. त्या टपाल खात्यातील नोकराच्या पत्नी म्हणून आल्या, आणि पतीबरोबर किंवा एकट्या पायी बाहेर पडत राहिल्या. कलकत्त्याच्या हवेत त्यांची प्रकृती ढासळली. अमेरिकेतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्याशी चाललेल्या पत्रव्यवहारात दुखण्याचा विषय पुनःपुन्हा येतो. शहराविषयीचे त्यांचे सर्वांत स्पष्ट विधान मात्र श्रीरामपूरच्या भाषणात आहे, आणि ते तुलनेच्या रूपात आहे. मुंबईत शाळेला जाताना लोक भोवती जमत, हसत, व्हरांड्यात बसलेले प्रतिष्ठित गृहस्थ खडे मारीत, दुकानदार थुंकत व अश्लील हावभाव करीत, असे त्या सांगतात. बंगालमधील अनुभव याहून गंभीर आहे, असा त्यांचा अभिप्राय आहे. नदीकाठच्या स्ट्रँडवर फिरावयास गेले असता इंग्रज नजर वर करून पाहत नाहीत, सोजिरांचाही उपद्रव होत नाही. बाबू लोक मात्र थट्टा करतात आणि प्रश्न विचारतात. तू कोण, जात कोणती, आलीस कोठून, चाललीस कोठे. श्रीरामपूरचे काही सुशिक्षित देशी ख्रिस्तीही, ही विवाहित की विधवा, दुर्वर्तनी की बहिष्कृत, याच विचारात असल्याचे त्या ऐकवतात.

खड्यांपेक्षा प्रश्न अधिक गंभीर कसे? भाषणातील हा क्रम सामान्यतः वक्तृत्वाचा भाग म्हणून सोडून दिला जातो. तो तसा सोडू नये. खडा मारणारा माणूस स्त्रीला ओळखून मारतो : ही आपल्यातलीच आहे आणि मर्यादा सोडून वागते आहे, असा त्याचा दावा असतो. मुंबईच्या रस्त्यावर आनंदीबाई कोण आहेत याविषयी कोणाला शंका नव्हती. स्ट्रँडवरील बाबूला ती कोण हेच कळत नाही. पोशाख अनोळखी, कपाळावर कुंकू असूनही ती मोकळ्या रस्त्यावर, सोबत पुरुष असला तरी त्याच्याशी असलेले नाते अविश्वसनीय. त्याचे चारही प्रश्न तिला कोणत्या तरी माहीत असलेल्या कप्प्यात बसवण्यासाठी आहेत. शिक्षेला निदान अंत असतो. वर्गीकरणाची मागणी मात्र प्रत्येक वळणावर नव्याने होते. नव्या शहरात गेलेल्या माणसाला परकेपणाचा जो पहिला प्रत्यय येतो तो बहुधा याच रूपाने येतो, आणि मराठी गद्यात अन्यत्र तो इतक्या नेमकेपणाने आलेला दिसत नाही. अर्थात हे विधान मूळचे मराठी गद्य नाही, ही अडचण आहेच. तिचा विचार पुढे केला आहे.

बाबूंचे कुतूहल समजून घेण्यासाठी त्या काळच्या भद्र बंगाली स्त्रीचा बाहेरील वावर कसा होता हे लक्षात घ्यावे लागते. १८४९ मध्ये स्थापन झालेल्या बेथून शाळेच्या मुली बंद गाडीतून येत, आणि मुलीच्या शिक्षणाची महती सांगणारे संस्कृत वचन त्या गाडीवर लिहिलेले असे. म्हणजे मुलगी घराबाहेर पडली तरी दालन तिच्याबरोबर चाकांवर जात होते, आणि वर शास्त्राची मुद्राही होती. १८८३ साली, आनंदीबाई समुद्रमार्गे अमेरिकेस निघाल्या त्याच वर्षी, कादंबिनी बसू आणि चंद्रमुखी बसू या बेथूनच्या विद्यार्थिनी कलकत्ता विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री-पदवीधर ठरल्या. कादंबिनी पुढे कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातच शिकल्या. तेव्हा बाबूंचे शहर स्त्रीशिक्षणाला विन्मुख होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याला अपरिचित होती ती पायी चालणारी स्त्री. महाराष्ट्रातील ब्राह्मण स्त्रियांत बंगाली अंतःपुरासारखा पडदा नव्हता. त्यामुळे स्ट्रँडवर जे आनंदीबाईंना सामान्य वाटत होते ते पाहणाऱ्याला औद्धत्य वाटत होते.

उलट दिशेच्या एका प्रवासाशी हे ताडून पाहता येते. सत्येंद्रनाथ ठाकूर हे पहिले भारतीय सनदी अधिकारी १८६४ साली मुंबई इलाख्यात रुजू झाले आणि त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी मुंबईस आल्या. बाहेर नेसण्याजोगा पोशाखच बंगाली अंतःपुरात नव्हता, ही त्यांची पहिली अडचण. मुंबईत पारशी स्त्रियांची साडी नेसण्याची पद्धत त्यांनी पाहिली, तिच्यात फेरफार केले आणि ती कलकत्त्यास नेली. ब्राह्मो घरांतून ती रूढ झाली. बंगाली स्त्रीवरील मुंबईचा पहिला ठसा असा वस्त्राच्या रूपाने परत गेला. मराठी स्त्रीवरील कलकत्त्याचा ठसा तसा परत आला नाही. आनंदीबाई नऊवारी नेसूनच आल्या आणि पोशाख, आहार, आचार यांत बदल करणार नाही, हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणून परतेन, असे त्यांनी सभेत सांगितले. या निर्धाराकडे स्वधर्मनिष्ठा म्हणून पाहिले जाते. जिला रस्त्यावर रोज जात विचारली गेली त्या व्यक्तीचे हे उत्तर आहे, या बाजूनेही ते वाचता येईल.

येथे एका जुन्या सावलीचा उल्लेख टाळणे कठीण आहे. मराठी माणूस कलकत्त्यात कधीच पूर्णतः अनोळखी नव्हता. १७४२ साली नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून आल्या तेव्हा भयभीत रहिवाशांनी स्वखर्चाने शहराभोवती खंदक खणावयास घेतला. नियोजित सात मैलांपैकी सुमारे तीन मैल काम झाले. मराठे शहरापर्यंत आलेच नाहीत आणि खंदक अपुरा राहिला. पुढे त्याचा मोठा भाग बुजवून सर्क्युलर रोड काढण्यात आला. बर्गींच्या त्या स्वाऱ्यांची भीती बंगाली अंगाईगीतात टिकून राहिली, आणि गंगारामाच्या 'महाराष्ट्र पुराण' या अठराव्या शतकातील बंगाली काव्यात तिचे सविस्तर चित्र आहे. गमतीची गोष्ट अशी की या काव्याच्या नावात 'महाराष्ट्र' आहे म्हणून ते चाळावयास घेणारा मराठी वाचक हमखास दचकतो. विसाव्या शतकाच्या आरंभी हे चित्र बदलण्याचा यत्न झाला तो सखाराम गणेश देउस्कर यांच्यासारख्या देवघर परिसरात जन्मलेल्या, बंगालीत लिहिणाऱ्या मराठी माणसाकडून. त्यांची 'देशेर कथा' १९०४ ची. त्याच सुमारास कलकत्त्यात शिवाजी उत्सव सुरू झाला आणि १९०६ साली टिळक त्यासाठी तेथे गेले. रमाबाई आणि आनंदीबाई या दोन चित्रांच्या मधल्या काळात आल्या, बर्गी स्मरणात मंदावलेला आणि शिवाजी अद्याप न आलेला. 'आलीस कोठून' या प्रश्नामागे बर्गी होता असे म्हणण्यास भाषणात आधार नाही, आणि ओढूनताणून तसा अर्थ लावू नये. एवढे मात्र खरे की त्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर देणारीला बंगालच्या कानावर चांगले पडेल असे नाव तेव्हा उपलब्ध नव्हते.

भाषेचा प्रश्न आता घेता येईल. मराठीच्या मुद्रणाचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना श्रीरामपूर हे नाव वेगळ्या कारणाने जवळचे आहे. विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये आणि मोडी लिपीतील शब्दकोश १८१० मध्ये तेथील मिशनच्या छापखान्यातून बाहेर पडला. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात केरी मराठी शिकवीत होते. मराठी व्याकरण छापले गेल्यानंतर अठ्ठ्याहत्तर वर्षांनी त्याच गावात एक मराठी स्त्री उभी राहून बोलली, ती इंग्रजीत. दुसरा पर्यायच नव्हता. बंगाली आणि युरोपीय श्रोत्यांना समान अशी भाषा तीच होती. पण या निवडीचा परिणाम दूरवर गेला. मूळ भाषणात बंगाली बंधूंवरील टीका बंगाली बंधूंच्या तोंडावर केलेली आहे. ज्यांचे आहे त्यांनी सुधारावे म्हणून हे सांगते, असा तिचा सूर आहे. काशीबाई कानिटकरांनी लिहिलेल्या चरित्रापासून श्री. ज. जोशी यांच्या 'आनंदी गोपाळ' (१९६८) या कादंबरीपर्यंत ही कथा मराठीत वारंवार सांगितली गेली, आणि मराठीत येताच श्रोता बदलला. समोरच्याला दिलेला खडा बोल तिऱ्हाइताविषयीचे गाऱ्हाणे होतो. शिवाय भाषणात आधी मुंबईचा अनुभव येतो, हे मराठी वाचकाच्या ध्यानात फारसे राहत नाही. कलकत्त्याचे बाबू आठवतात, व्हरांड्यातून खडे मारणारे मुंबईचे प्रतिष्ठित गृहस्थ विसरले जातात. हे विस्मरण सोयीचे आहे.

मराठी लेखकाने बंगालचे प्रथमदर्शन मराठीतून आणि मराठी वाचकासाठी लिहावे, आणि तेही मनमोकळेपणाने, असे घडण्यास बराच काळ जावा लागला. पु. ल. देशपांडे पन्नाशीच्या उंबरठ्यावर बंगाली शिकण्यासाठी शांतिनिकेतनात जाऊन राहिले; 'वंगचित्रे' (१९७४) हे त्याचे फलित. तेथे येणाऱ्यापाशी भाषा आहे किंवा ती मिळवण्याची उमेद आहे, रवींद्रनाथांचे साहित्य आधीच मनात आहे, आणि तो पुरुष आहे. रस्त्याने तो रमतगमत चालू शकतो. त्याला विचारलेला प्रश्न संभाषणाची सुरुवात ठरतो. बंगालविषयीच्या मराठी प्रेमाची परंपरा या पुस्तकात स्थिरावली यात संशय नाही. पण तीच एकमेव परंपरा मानली तर स्ट्रँडवरील चालणे आणि खुर्च्यांपुढील संभ्रम हे दोन्ही तिच्या बाहेर राहतात.

मीरा कोसंबी यांनी रमाबाई व आनंदीबाई यांच्या लेखनाचे जे संपादन आणि विवेचन केले त्यामुळे या संहिता अभ्यासकांपुढे नीट आल्या. 'क्रॉसिंग थ्रेशोल्ड्स' (२००७) या त्यांच्या लेखसंग्रहाच्या नावातच उंबरठ्याची प्रतिमा आहे. ती येथे थोडी वळवून घ्यावीशी वाटते. उंबरठा ओलांडणे म्हणजे घरातून बाहेर पडणे, असे सहसा गृहीत धरले जाते. आनंदीबाईंना ते लागू पडते. रमाबाई मात्र कलकत्त्यात बाहेरून आत आल्या. आयुष्यभर ज्या उघड्यावर हिंडल्या त्यांना या शहराने प्रथमच छपराखाली, अंतःपुरात, ग्रंथांच्या सान्निध्यात घेतले, आणि मग त्या ग्रंथांत स्त्रीविषयी काय लिहिले आहे ते त्यांनी वाचले. आदराने बोलावलेली स्त्री आणि रस्त्यात अडवलेली स्त्री यांच्या अनुभवांत त्यामुळे जेवढे अंतर दिसते तेवढे ते नाही. सन्मानाच्या दालनात शास्त्राने दिलेली वर्गवारी होती; नदीकाठच्या रस्त्यावर तीच वर्गवारी बाबूच्या तोंडी होती. रमाबाईंनी ती पोथीत वाचली, आनंदीबाईंनी ती ऐकली. १८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई इंग्लंडहून फिलाडेल्फियास आल्या तेव्हा दोघी एका सभागृहात होत्या. कलकत्त्यात त्यांची दोन शहरे एकमेकींना भेटली नव्हती.

श्रीरामपूरच्या त्या सभेची रचना शेवटी पुन्हा पाहावी लागते. लोक शेकडो प्रश्न विचारतात, त्यांतील काहींची उत्तरे देते, असे सांगून अठरा वर्षेही पूर्ण न झालेल्या आनंदीबाईंनी सहा प्रश्न घेतले : अमेरिकेस का जाता, हिंदुस्थानात शिकण्याची सोय नाही काय, एकट्या का जाता, परतल्यावर वाळीत टाकणार नाहीत काय, संकट आले तर काय कराल, आणि जे कोणा स्त्रीने केले नाही ते तुम्हीच का करावे. प्रत्येकाला क्रमाने आणि शांतपणे उत्तर आहे. रस्त्यावरचे चार प्रश्न दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात, येथे राहून शिकणे का अशक्य आहे याचा दाखला म्हणून, येतात. सभागृहात आलेल्या प्रश्नकर्त्याला त्यांनी उत्तराचा हक्क दिला आहे, स्ट्रँडवरच्याला नाही. तू कोण, जात कोणती, आलीस कोठून, चाललीस कोठे, हे परक्याने विचारण्याचे प्रश्न नव्हेत एवढेच त्या म्हणतात, आणि भाषण तिसऱ्या प्रश्नाकडे, एकटीने का जावयाचे याकडे, वळते.